मामांना एडिट करता येईल का?

सर्वप्रथम एक कबुली. मी के.जी.पासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी हा भूगोलासारखा एक विषय होता, पेपर झाला की विसरायचा. त्यामुळे मी मराठी विभागासाठी लेख देतेय हे कळल्यावर माझ्या रूममेट्स पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या. त्यातली एक म्हणाली, "'ज्ञ' कुठल्या कीवर असतो ते तरी माहीत आहे का तुला?"

नाही माहीत! अजूनही नाही. मी इंग्रजी अक्षरं दाबते आणि समोर देवनागरी उमटतं. कोणीतरी कधीतरी असा विचार केला की जिला मराठी बोलता येतं पण मराठी कीबोर्ड येत नाही, तिलाही लिहिता आलं पाहिजे. त्या माणसाने तो विचार केला नसता तर हा लेख तुमच्या हातात पडला नसता. (काही जण म्हणतील, बरं झालं असतं. असो.)

हे पुराण सुरुवातीलाच लावण्याचं कारण म्हणजे आजचा विषय हाच आहे. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे, त्याला ते स्वतःच्या हाताने संगणकात घालता येतं का? आणि घातलेलं चुकलं तर स्वतः बदलता येतं का?

वर्कशॉपमधले मामा तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. फर्स्ट इयरला फिटिंगचा जॉब घासून घासून ज्यांच्या हाताला फोड आले, त्या प्रत्येकाला मामांनी एकदा तरी "फाईल अशी धरतात का?" असं ऐकवलेलं आहे. एकतीस वर्षं ते त्या शेडमध्ये आहेत. लेथ चालू झाला की पलीकडच्या टोकाला चहा पिता पिता आवाजावरून सांगतात, "तीन नंबरवर कोणीतरी टूल खाली बांधलंय." जाऊन बघावं तर खरंच टूल सेंटरच्या खाली असतं. हे मामा येत्या मे महिन्यात रिटायर होताहेत.

पाचव्या सेमिस्टरच्या मिनी प्रोजेक्टला विषय शोधत होतो तेव्हा आमच्या ग्रुपला हीच कल्पना सुचली. मामांच्या डोक्यातलं सगळं एका नॉलेज बेसमध्ये भरायचं. नॉलेज बेस म्हणजे सोप्या भाषेत असा साठा, ज्यात माहिती "असं असेल तर तसं" अशा नियमांच्या आणि संबंधांच्या रूपात ठेवलेली असते, म्हणजे संगणकाला त्यावरून निष्कर्ष काढता येतो. उद्या एखाद्या ज्युनियरने विचारलं, "जॉब टेपर येतोय, काय बघू?" की उत्तर यावं, "आधी टेलस्टॉक लाइनमध्ये आहे का बघ." मेकॅनिकलचा एक मित्र उसना घेतला, जगभर वापरलं जाणारं एक फुकट सॉफ्टवेअर उतरवलं आणि लागलो कामाला. दोन आठवडे मामांच्या मागे वही घेऊन फिरलो. एकूण चौसष्ट नियम झाले. डायग्राम तर असा देखणा झाला की मी तो रूममध्ये भिंतीवर लावला!

डेमोच्या दिवशी मामांना खुर्चीवर बसवलं. आम्ही ऐटीत प्रश्न टाकला, "जॉबवर चॅटरिंगच्या खुणा येताहेत." उत्तर आलं, "टूलचा ओव्हरहँग कमी करा." मामांनी मान हलवली. "पुस्तकात बरोबर आहे. पण चार नंबरच्या मशीनवर नाही. तिथे क्रॉस स्लाइडची जिब सैल होते. आधी ती बघायची. हे बदल."

जिब म्हणजे सरकत्या भागाला नीट धरून ठेवणारी पट्टी. मला ते तेव्हाच कळलं. मी मोठ्या मनाने माउस त्यांच्यासमोर सरकवला. "मामा, तुम्हीच बदला ना!"

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. डावीकडे क्लासेसची उतरंड, मधे प्रॉपर्टीज, उजवीकडे डोमेन, रेंज, ॲक्सिअम्स. सगळं इंग्रजीत. एकतीस वर्षांत कुठल्याही मशीनला न घाबरलेल्या माणसाने माउसवरचा हात हळूच काढून घेतला. म्हणाले, "तुझं तूच कर बाई. मला चहाला जायचंय."

आणि गेले. पुन्हा त्या कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत.

तो एक नियम मी त्या रात्री बदलला. पण त्या आठवड्यात मामांनी येता-जाता आणखी तीन गोष्टी सांगितल्या. त्यातल्या दोन सबमिशनच्या गडबडीत मी चक्क विसरले. व्हायवाला एक्स्टर्नलना डायग्राम फार आवडला. मार्क चांगले पडले. पण "यातली चूक उद्या कोण दुरुस्त करणार?" हा प्रश्न कोणीच विचारला नाही, आणि खरं सांगायचं तर विचारला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक सॉफ्टवेअरची नव्हती. ते ज्यांच्यासाठी बनलंय त्यांच्यासाठी उत्तमच आहे. चूक आमची होती. आम्ही ते मामांच्या हातात दिलं आणि अपेक्षा केली की त्यांनी ते समजून घ्यावं.

मग सुट्टीत उत्सुकता म्हणून थोडं वाचन केलं. (हो, सुट्टीत. रूममेट्सना सांगू नका.) तेव्हा कळलं की आम्ही ज्या खड्ड्यात पडलो त्यात पन्नास वर्षांपूर्वी फार मोठी मोठी माणसं पडलेली आहेत.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायसिन नावाची प्रणाली बनवली. रक्तातलं इन्फेक्शन कुठल्या जंतूचं असावं आणि कुठलं अँटिबायोटिक द्यावं हे ती सांगायची. आत सुमारे पाचशे नियम होते. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मेंदूज्वराच्या केसेसवर तिचा सल्ला तिथल्या तज्ज्ञ प्राध्यापकांच्या तोडीचा ठरला! तरीही रोजच्या रुग्णसेवेत ती कधीच आली नाही. त्याची कारणं बरीच होती, पण एक अडचण अशा सगळ्याच प्रणालींना पुढे कायम छळत राहिली. ज्ञान असायचं डॉक्टरकडे आणि नियम लिहिता यायचे प्रोग्रामरला. मधे 'नॉलेज इंजिनियर' नावाचा एक दुभाषी बसायचा. डॉक्टर बोलणार, तो समजून घेणार, मग लिस्प भाषेत टाइप करणार. एडवर्ड फायगनबाम यांनी या अडचणीला बाटलीच्या गळ्याची उपमा दिली. आत कितीही पाणी असो, गळा अरुंद असेल तर बाहेर थेंब थेंबच येणार.

आमच्या प्रोजेक्टमध्ये तो अरुंद गळा म्हणजे मी होते. मामांच्या दोन गोष्टी माझ्याच पाशी अडकून वाया गेल्या.

या गळ्यावर उपाय शोधणारेही तिथलेच. रँडल डेव्हिस यांनी त्याच दशकात टायरिसियस नावाचा प्रोग्राम लिहिला. मायसिनचा सल्ला चुकीचा वाटला की डॉक्टर विचारू शकायचा, "हे कशावरून?" मग प्रोग्राम एकेक नियम साध्या वाक्यात मागे मागे दाखवत जायचा, नेमका चुकीचा नियम सापडेपर्यंत. डॉक्टरने दुरुस्ती सांगितली की ती पुन्हा वाक्यात वाचून दाखवायचा, म्हणजे "मला असं समजलं, बरोबर ना?" मला हे वाचून फार भारी वाटलं, कारण आपण रोज हेच करतो. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला की तो उलट म्हणून दाखवतोच की!

त्यानंतरची गोष्ट आणखी महत्त्वाची. स्टॅनफर्डमध्येच कॅन्सरच्या केमोथेरपीसाठी ऑन्कोसिन नावाची प्रणाली होती. सुरुवातीला एका प्रकारच्या कॅन्सरच्या उपचारांचं ज्ञान तिच्यात भरायला जवळजवळ दोन वर्षं गेली, तेही एका तज्ज्ञ डॉक्टरचे शेकडो तास खर्च करून. मग १९८० च्या दशकाच्या मध्यावर मार्क म्यूसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओपल नावाचं साधन बनवलं. त्यात डॉक्टरला एकही नियम लिहावा लागत नसे. डॉक्टर कागदावर जसे फॉर्म वापरतात तसेच फॉर्म स्क्रीनवर, आणि उपचारांचा क्रम दाखवायला चौकोन आणि बाण. डॉक्टरने फॉर्म भरायचा, नियम आतल्या आत तयार व्हायचे. त्यानंतर नवे उपचार भरायचं काम वर्षांवरून काही दिवस-आठवड्यांवर आलं. पुढे म्यूसन यांनी विचार केला की प्रत्येक क्षेत्रासाठी असं साधन हाताने का बनवा, साधनं बनवणारं साधनच बनवू. त्यातून प्रोटेजे निघालं, जे आज आपल्या डिपार्टमेंटमध्येही शिकवतात. आपण त्यातल्या क्लास आणि प्रॉपर्टी पाठ करतो आणि ते मुळात कशासाठी जन्माला आलं ते मात्र सिलॅबसमध्ये नाही!

आता तुम्ही म्हणाल की ही सगळी हॉस्पिटलातली जुनी गोष्ट झाली. तर मंडळी, जवळचं उदाहरण घ्या. विकिपीडिया. असाइनमेंटच्या आदल्या रात्री आपण सगळेच त्याचे भक्त. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ मध्ये पहिली विकी सुरू केली तेव्हा कल्पना एवढीच होती की वाचणाऱ्यालाच पान बदलता यावं, तेही पटकन. २००१ मध्ये विकिपीडिया आला, १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया. पण पान जसजसं भरगच्च होत गेलं तसतसं आतलं लिखाणही अवघड होत गेलं. एडिट दाबावं तर समोर चौकटी कंस, महिरपी कंस, उभ्या रेघा. ज्याला आपल्या गावाच्या पानावर एक ओळ घालायची आहे त्याला वाटणार, आपण चुकून कोणाच्या तरी इंजिनाचं झाकण उघडलं!

म्हणून व्हिज्युअल एडिटर आला. दिसतं तसंच बदलायचं, वर्डच्या फाईलसारखं. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर तो सर्वांसाठी चालू केला आणि एकच गदारोळ झाला. तो हळू चालायचा, त्यात चुका होत्या, आणि वर्षानुवर्षं काम करणारे जुने संपादक भडकले. सप्टेंबरमध्ये तो 'ज्याला हवा त्याने चालू करावा' असा करावा लागला. पुढे तो बराच सुधारला आणि आज दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. मला यातून दोन गोष्टी दिसतात. सोपं साधन बनवणं हे अवघड साधन बनवण्यापेक्षा अवघड आहे. आणि नवख्यासाठी दार उघडताना जुन्याचं दार बंद करायचं नसतं.

२०१२ मध्ये सुरू झालेला विकिडेटा तर खराखुरा नॉलेज बेस आहे. आज त्यात दहा कोटींहून जास्त नोंदी आहेत. प्रत्येक नोंदीत गुणधर्म आणि त्याची किंमत, म्हणजे आम्ही केलं तेच. पण बदल करायला कुठलीही भाषा शिकावी लागत नाही. चौकट उघडा, भरा, जतन करा. नोंदीचं नाव मराठीतही घालता येतं.

आता आक्षेपांकडे वळते, कारण हे सगळं मी हॉस्टेलच्या कट्ट्यावर बोलले तेव्हा माझी चांगलीच खेचली गेली.

पहिला आक्षेप, "कोणीही एडिट करणार म्हणजे कचराच होणार." भीती खरी आहे. चुकीच्या नियमाने कॅन्सरच्या रुग्णाला चुकीचा डोस गेला तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. पण उपाय कुलूप लावणं हा नाही. प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवा, कोणी आणि कधी केला ते दिसू द्या, एका बटणावर मागे जाता येऊ द्या, आणि जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे दुसऱ्या जाणकाराने पाहिल्याशिवाय बदल लागू करू नका. शिवाय सध्याची पद्धत तरी कुठे सुरक्षित आहे? आमच्या नॉलेज बेसमधला चार नंबरचा नियम चुकीचा होता आणि तो 'एक्स्पर्ट' असलेल्या आम्हीच लिहिला होता.

दुसरा आक्षेप आजचा आहे. "आता एआय आलंय. फॉर्म-बिर्म कशाला? चॅटबॉटला विचार, तो सगळं सांगेल." मी विचारलं की! चॅटरिंगची कारणं त्याने छान सांगितली. अगदी पुस्तकासारखी. पण आपल्या वर्कशॉपमधल्या चार नंबरच्या लेथची जिब सैल होते हे त्याला कुठून कळणार? ते कुठेच लिहिलेलं नाही. ते मामांच्या डोक्यात आहे आणि मे महिन्यात मामांबरोबर गावी जाणार आहे. हां, एआयचा उपयोग दुभाषी म्हणून नक्की होईल. मामा मराठीत बोलतील, तो नियमाचा मसुदा करेल. पण तो मसुदा बरोबर आहे की नाही हे मामांना वाचता आणि खोडता आलं पाहिजे. नाहीतर बाटलीचा जुना गळा काढून आपण नवा गळा बसवला एवढंच. आणि नवा गळा चुकला तरी आत्मविश्वासाने चुकतो.

तर आम्ही काय केलं? सुट्टी संपल्यावर मी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेले. थोडी लाजतच. मामांना म्हटलं, "मामा, मशीन बिघडलं की तुम्ही कुठे लिहून ठेवता का?" मामांनी टूल क्रिबच्या कपाटातून एक लाल वही काढली. तारीख, मशीन नंबर, तक्रार, काय निघालं, काय केलं. पाच रकाने, पट्टीने आखलेले. कितीतरी वर्षांच्या नोंदी. आम्ही दोन आठवडे त्यांच्या मागे वही घेऊन फिरलो आणि त्यांची स्वतःची वही आहे का हे एकदाही विचारलं नव्हतं!

मग तेच पाच रकाने, त्याच क्रमाने, मराठीत, मोबाईलच्या स्क्रीनवर केले. टाइप करायचं नसेल तर बोललं तरी चालतं. नोंद केली की खाली एक वाक्य येतं, "चार नंबर मशीनवर चॅटरिंग आलं तर आधी क्रॉस स्लाइडची जिब बघा." त्याखाली दोन बटणं, 'बरोबर' आणि 'चूक'. क्लास, प्रॉपर्टी सगळं आत लपवलं.

मामांनी चष्मा लावला, वाक्य वाचलं आणि 'चूक' दाबलं! माझ्या पोटात गोळा. मामा म्हणाले, "'आधी जिब बघा' काय? आधी मशीन बंद करा. मग जिब. पोरं चालू मशीनमध्ये हात घालतील."

आमच्या चौसष्ट नियमांत मशीन बंद करा असं एकदाही लिहिलेलं नव्हतं. आम्ही बिघाड विचारले, त्यांनी बिघाड सांगितले. मशीन बंद करणं त्यांना श्वास घेण्यासारखं, ते वेगळं कोण सांगणार? पण स्वतःच्या सल्ल्याचं वाक्य समोर छापलेलं दिसलं तेव्हा त्यांना त्यातलं न लिहिलेलं दिसलं. मी कितीही हुशार नॉलेज इंजिनियर असते तरी मला ते दिसलं नसतं.

सगळंच जमलं असं नाही. "आवाज फुटका येतो" हे कुठल्या रकान्यात घालणार? म्हणून शेवटी एक 'इतर' नावाची मोकळी चौकट ठेवली. गंमत म्हणजे सगळ्यात जास्त तीच भरते. आधी मला त्याचा राग यायचा, माझी सुंदर रचना बिघडते म्हणून. आता मी दर शनिवारी 'इतर' वाचते. तिथे जे वारंवार येतं तो आमच्या रचनेत विसरलेला रकाना असतो.

आपल्या पुस्तकांत 'नॉन-एक्स्पर्ट युजर' असा शब्द असतो. मला तो आता खटकतो. मामा आणि मी लेथसमोर उभे राहिलो तर नॉन-एक्स्पर्ट कोण? त्यांना फक्त आमचा कीबोर्ड येत नव्हता, जसा मला 'ज्ञ' चा येत नाही.

शेवटी दोन विनंत्या. मित्रमैत्रिणींनो, फायनल इयरचा प्रोजेक्ट घेताना ज्याच्या ज्ञानावर तो उभा आहे त्या माणसाला एकदा खुर्चीवर बसवा, तो मेसच्या मावशी असोत, इलेक्ट्रिशियन असो की तुमचे शेतकरी आजोबा. एक चूक मुद्दाम ठेवा आणि त्यांना ती मदतीशिवाय दुरुस्त करता येते का बघा. तुम्ही फक्त हाताची घडी घालून गप्प बसायचं. फार कठीण जातं, अनुभवाने सांगते.

आणि आदरणीय सर-मॅडम, व्हायवाच्या शंभर मार्कांपैकी दहा या एका चाचणीला ठेवता आले तर बघा. डायग्राम आम्ही तरीही सुंदर काढू.

मामांच्या लाल वहीतली जवळजवळ चाळीस पानं आजवर भरून झालीत. मेपर्यंत बाकीची व्हायला हवीत. संध्याकाळी पाचनंतर मामा टूल क्रिबपाशी असतात. ज्यांना वेळ असेल त्यांनी या. टाइप मामाच करतील, तुम्ही फक्त चहा आणा.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी